पाच पुंकेसर, बावन्न गुणसूत्रे

गुणसूत्रांचा पाठ शिकवताना फळ्यावर एक तक्ता हमखास येतो. माणूस ४६, कांदा १६, वाटाणा १४, फळमाशी ८. तक्त्याखाली एक वाक्य असते : प्रत्येक जातीतील गुणसूत्रांची संख्या ठरलेली असते. विद्यार्थी तक्ता पाठ करतात, आपण तो परीक्षेत विचारतो आणि विषय संपतो. हे आकडे प्रथम कोणी मोजले, किती झाडांत मोजले आणि त्यांवरून जातींच्या नात्यागोत्यांविषयी काय ठरवले, हे सहसा कोणी विचारत नाही. खरे सांगायचे तर आम्हीही बरीच वर्षे विचारले नव्हते. ते विचारायला लावले एका झुडपाने. त्याचे नाव अझेलिया.

उटी, दार्जिलिंग अशा थंड हवेच्या ठिकाणच्या बागांत आपल्यापैकी काहींनी अझेलिया पाहिला असेल. कमरेएवढे झुडूप आणि बहराच्या दिवसांत पान दिसू नये इतकी फुले. त्याच्या रानटी जाती मुख्यतः पूर्व आशियात आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आढळतात. एक जात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत आहे, तर एक काळ्या समुद्राच्या परिसरात. या काळ्या समुद्राकडच्या पिवळ्या अझेलियाची कीर्ती फार जुनी आहे. इ. स. पूर्व ४०१ मध्ये ग्रीक सेनानी झेनोफोन आपले सैन्य घेऊन त्या किनाऱ्याने परतत होता. तेथील पोळ्यांतला मध खाऊन त्याच्या सैनिकांना ओकाऱ्या झाल्या, त्यांना उभेही राहवेना, आणि तीन-चार दिवसांनी ते सावरले. अझेलिया आणि त्याचा भाऊबंद ऱ्होडोडेंड्रॉन यांच्या मकरंदात एक विषारी द्रव्य असते. ते मधात उतरते आणि असा मध खाणाऱ्याला भोवते.

आता या दोघांना आम्ही भाऊबंद म्हटले खरे, पण मूळ भांडण तेथूनच सुरू होते.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये वनस्पतींच्या जातींचा आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. जगातल्या साऱ्या फुलझाडांची मांडणी करायला त्याला एक सोपी किल्ली हवी होती. ती त्याला पुंकेसरांच्या संख्येत सापडली. फूल उघडावे, पुंकेसर मोजावेत आणि झाड त्या त्या वर्गात ठेवावे. ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलात पुंकेसर दहा, म्हणून तो दशकेसरी वर्गात गेला. अझेलियाच्या फुलात पाच, म्हणून तो पंचकेसरी वर्गात. दोन निराळ्या प्रजाती झाल्या. (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, या अर्थाने आम्ही तो शब्द येथे वापरत आहोत.)

लिनियसच्या यादीत अझेलियाच्या सहा जाती होत्या. त्या सहांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. त्यांतली एक, बर्फाळ प्रदेशात जमिनीसरपट वाढणारी, आज काल्मिया या वेगळ्याच प्रजातीत आहे. दुसरी, लॅपलँडची, पानांवर बारीक खवले असणाऱ्या ऱ्होडोडेंड्रॉनांच्या गटात गेली. तिसरीचे नाव त्याने ठेवले ‘इंडिका’, म्हणजे हिंदुस्थानची. ती मुळात जपानची! डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून पूर्वेकडची झाडे युरोपात येत आणि पूर्वेकडचे ते सारे ‘इंडिज’, असा त्या काळचा हिशेब होता. नाव मात्र आजही तेच आहे.

पुंकेसरांची किल्ली अनेक कुलुपांना लागेना. पूर्व आशियातल्या काही अझेलियांत दहा पुंकेसर निघाले. कॅनडाकडच्या एका झुडपातही दहा निघाले, तेव्हा लिनियसने त्याच्यासाठी ‘ऱ्होडोरा’ नावाची तिसरीच प्रजाती काढली. पुढे १८७८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात जॉर्ज व्हेसी यांना एक गुलाबी अझेलिया सापडला. त्याच्या फुलांत पुंकेसर कधी पाच, कधी सहा, कधी सात! अर्थात तोवर जाणकारांनी ही भिंत पाडायला घेतली होती. इंग्लंडमध्ये जॉर्ज डॉन यांनी १८३४ मध्ये अझेलियांना ऱ्होडोडेंड्रॉन प्रजातीतच सामावून घेतले. आज सर्व अझेलियांचे शास्त्रीय नाव ऱ्होडोडेंड्रॉननेच सुरू होते. अझेलिया हा शब्द उरला तो माळ्यांच्या आणि रोपवाटिकांच्या तोंडी.

लिनियसला हसण्याचे कारण नाही. मोजता येईल अशी खूण हाती आली की तीवर भिस्त ठेवावी, हा मोह शास्त्रज्ञाला नेहमीच पडतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी तो पुन्हा पडला. या वेळी मोजायची वस्तू होती गुणसूत्रे.

झाडाची गुणसूत्रे मोजायची कशी, ते थोडे सांगायला हवे. कांद्याच्या मुळाचे टोक आपण शाळेत पाहतो. त्याऐवजी पुष्कळदा न उमललेल्या कळीतले परागकोश घेतात. त्यांत पराग तयार होण्याआधी गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात आणि जोड्या मोजल्या की काम निम्मे होते. परागकोश काचपट्टीवर ठेवून ॲसिटो-कार्मिन या लाल रंगात चिरडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. ऐकायला सोपे आहे. पण कळी एक दिवस लहान असली तर काही दिसत नाही आणि एक दिवस मोठी असली तर सारे होऊन गेलेले असते. त्यात गुणसूत्रे एकमेकांवर पडलेली. आमच्या प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्याची पहिली मोजणी आणि दुसरी मोजणी जुळली तर आम्हाला आधी संशय येतो! माणसाची गुणसूत्रे ४८ आहेत असे तीस-बत्तीस वर्षे सारे जग मानत होते. ती ४६ आहेत हे १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान यांनी दाखवले. मोजणाऱ्यांनी डोळे मिटले होते असे नाही. वस्तूच अवघड आहे.

अमेरिकेत आर्नल्ड अर्बोरेटम या वृक्षोद्यानात काम करणाऱ्या कार्ल सॅक्स यांनी १९३० मध्ये ऱ्होडोडेंड्रॉनांच्या गुणसूत्रांवर निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच ‘स्थैर्य’ हा शब्द होता. त्यांनी पाहिलेल्या बहुतेक जातींत गुणसूत्रांच्या १३ जोड्या, म्हणजे एकूण २६ गुणसूत्रे निघाली. फूल पांढरे असो की शेंदरी, झाड पानझडी असो की सदापर्णी, जपानचे असो की अमेरिकेचे, आकडा तोच. अपवाद ठरला तो अमेरिकेच्या अॅपलेशियन डोंगरांतला ज्वाला-अझेलिया. अठराव्या शतकात विल्यम बार्ट्रम त्या डोंगरांतून हिंडला, तेव्हा या फुलांनी साऱ्या टेकड्याच पेटल्यासारख्या त्याला दिसल्या होत्या. या जातीत गुणसूत्रे होती ५२, बरोबर दुप्पट.

दुप्पट हा योगायोग नव्हे. आपल्याकडचा कापूस आठवा. देशी कापसात गुणसूत्रे २६ आणि अमेरिकन कापसात ५२. वनस्पतींत कधी कधी पराग किंवा बीजांड तयार होताना गुणसूत्रे निम्मी होत नाहीत, सगळीच्या सगळी पुढे जातात. अशा दोन पेशींचे मीलन झाले की संततीत चार संच येतात. नेहमीच्या दोन संचांच्या झाडाला द्विगुणित म्हणतात, चार संचांच्या झाडाला चतुर्गुणित. ही चतुर्गुणित संतती आपल्याच आईबापांच्या जातीशी सहजी संकर करू शकत नाही. केलाच, तर होणाऱ्या रोपात तीन संच, म्हणजे ३९ गुणसूत्रे येतात. तीन संचांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि रोप बहुधा वांझ निघते. म्हणजे एका पिढीत नव्या जातीभोवती कुंपण उभे राहते. डार्विनने सांगितलेली सावकाश उत्क्रांती एकीकडे आणि हा एका रात्रीतला प्रकार दुसरीकडे. १९३०-४० च्या दशकांत गुणसूत्रे मोजणाऱ्यांना आपल्या हाती उत्क्रांतीची नोंदवहीच लागली असे वाटले, ते यामुळे.

कापसाचे उदाहरण आम्ही आणखी एका कारणासाठी घेतले. देशी कापूस आणि अझेलिया या दोघांतही गुणसूत्रे २६ आहेत. म्हणून त्यांचे काही नाते लागते का? मुळीच नाही. हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. तक्ता पाठ असलेले विद्यार्थीही क्षणभर घुटमळतात.

या नोंदवहीत सर्वांत मोठी भर घालणाऱ्या शास्त्रज्ञ आपल्या देशाच्या होत्या. एडावलेथ कक्कट जानकी अम्मल यांचा जन्म १८९७ मध्ये केरळात तलश्शेरीला झाला. मद्रासला शिकून त्या अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये त्यांनी तेथून डॉक्टरेट मिळवली. पुढे काही वर्षे त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात होत्या. आज आपल्या शेतांत असलेल्या उसाच्या एकेका पेशीत शंभरावर गुणसूत्रे असतात. असे पीक ज्यांनी मोजले, त्यांना अझेलियाची कळी काय जड जाणार! १९३९ मध्ये एडिनबरोच्या आनुवंशिकी परिषदेसाठी त्या ब्रिटनमध्ये गेल्या आणि महायुद्ध पेटल्याने तेथेच राहिल्या. जॉन इन्स संस्थेत असताना सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासमवेत त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश तयार केला. तो १९४५ मध्ये निघाला. त्यानंतर त्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या विस्ली येथील उद्यानात रुजू झाल्या.

विस्लीत ऱ्होडोडेंड्रॉनांचा खजिनाच होता. हिमालय, युनान, तिबेट येथून शंभर वर्षे आणलेल्या बियांची झाडे तेथे एका कुंपणात वाढत होती. जानकी अम्मल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तीनशेहून अधिक जातींची गुणसूत्रे मोजून १९५० मध्ये प्रसिद्ध केली. पानांवर खवले नसलेल्या मोठ्या पानांच्या गटात जवळजवळ सगळीकडे २६. आपला हिमालयातला बुरांस याच गटातला. खवलेदार पानांच्या गटात मात्र ५२, ७८, १०४ आणि क्वचित १५६ पर्यंत आकडे चढत गेले. जानकी अम्मल यांना त्यात भूगोल दिसला. हिमालय आणि पश्चिम चीनच्या उंच डोंगरांत या बहुगुणित जाती अधिक आढळत होत्या. पर्वत वर उचलले जात असताना, हवामान बदलत असताना, गुणसूत्रे वाढलेल्या जातींनी नव्या जागा बळकावल्या, असा त्यांचा विचार होता. आकड्यांच्या जंत्रीत इतिहास वाचण्याची ही दृष्टी आम्हाला त्यांच्या मोजणीहूनही मोठी वाटते. पुढे १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या भारतात परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेचे काम त्यांनी हाती घेतले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या किती शाळांत त्यांचे नाव ठाऊक आहे?

त्याच सुमारास अमेरिकेत हेन्री स्किनर रानटी अझेलियांच्या मागे लागले होते. १९५१ मध्ये त्यांनी पूर्व अमेरिकेत सुमारे २५ हजार मैलांची भटकंती केली आणि झाडे जिथल्या तिथे पाहिली. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या सीमेवर ग्रेगरी बॉल्ड नावाचा गवताळ माथा आहे. तेथे अझेलियाची झुडपे पांढऱ्यापासून गडद तांबड्यापर्यंत सगळ्या छटांत फुलतात. कारण तेथे तीन-चार जातींचा पिढ्यान्‌पिढ्या संकर चालला आहे. द्विगुणित जाती एकमेकींत किती सहज मिसळतात याचा तो उघडा पुरावा. अशा ठिकाणी फुलाच्या रंगावरून जात ठरवणे म्हणजे होळीनंतर कपड्यांवरून माणूस ओळखणे.

रंगाने फसवणारी आणखी एक जोडी आहे. केंटकीच्या कंबरलँड पठारावरचा तांबूस-नारिंगी अझेलिया हुबेहूब ज्वाला-अझेलियासारखा दिसतो. एमा लुसी ब्रॉन या विदुषींनी १९४१ मध्ये त्याला वेगळे नाव दिले. तो थोडा उशिरा फुलतो आणि त्याची गुणसूत्रे २६ आहेत, ज्वाला-अझेलियाची ५२. येथे मोजणीने खरोखर निवाडा केला. एच. एल. ली यांनी १९५७ मध्ये पूर्व अमेरिकेतल्या अझेलियांची पुन्हा पाहणी केली, तेव्हाही चित्र तेच राहिले : ज्वाला-अझेलिया चतुर्गुणित, त्याच्या जवळच्या बाकीच्या जाती द्विगुणित. पुस्तकांत तसे छापले गेले आणि पन्नास वर्षे त्याला कोणी हात लावला नाही.

मग मोजण्याची रीत बदलली. आता कळीची वाट पाहावी लागत नाही. नखाएवढा पानाचा तुकडा पात्याने बारीक चिरतात, त्यातली केंद्रके द्रावणात सुटी होतात, त्यांना चकाकणारा रंग देतात आणि एका बारीक नळीतून एकामागून एक सोडतात. प्रत्येक केंद्रक किती चमकले हे यंत्र टिपते. चमक दुप्पट तर डीएनए दुप्पट. काही मिनिटांत एक झाड होते. सकाळी पिशवीभर पाने आणली तर संध्याकाळपर्यंत पुष्कळ झुडपांचा हिशेब हाती येतो.

नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातील थॉमस रॅनी आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये या रीतीने शेकडो ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोवर द्विगुणित समजले जाणारे दोन अझेलिया, अटलांटिक किनारपट्टीवरचा पांढरा आणि फ्लोरिडाकडचा पिवळा, बहुतांशी चतुर्गुणित निघाले. पश्चिम किनाऱ्याच्या अझेलियात तर दोन्ही प्रकार सापडले. काही झुडपे द्विगुणित, काही चतुर्गुणित, जात एकच. २००८ मध्ये अलाबामाच्या टेकड्यांतल्या एका अझेलियाला नवी जात म्हणून नाव मिळाले, आणि तीही चतुर्गुणित आहे.

जुन्या मंडळींची मोजणी चुकली असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या मते अडचण दुसरीकडे होती. एकेका जातीची थोडीच झाडे पाहणे शक्य होते. त्यांतून आलेला आकडा कोशात जातीच्या नावापुढे बसला, आणि एकदा बसल्यावर तो झाडाचा न राहता जातीचा झाला. शिवाय हे नवे चतुर्गुणित अझेलिया उंच डोंगरांतले नाहीत, किनाऱ्याजवळच्या सखल प्रदेशातले आहेत. जानकी अम्मल यांनी खवलेदार गटात पाहिलेला उंचीचा नियम अझेलियांना जसाच्या तसा लावता येत नाही.

आता राहिला नात्याचा प्रश्न. तो गुणसूत्रे मोजून सुटणारा नव्हताच, कारण २६ हा आकडा सगळीकडेच होता. सगळ्या घरांना एकच आडनाव असलेल्या गावात आडनावावरून कूळ कसे शोधणार? त्यासाठी डीएनएतील अक्षरांचा क्रम वाचावा लागला. गोएट्श, एकर्ट आणि हॉल यांनी २००५ मध्ये एका जनुकाच्या आधारे ऱ्होडोडेंड्रॉनांची वंशावळ मांडली. तिच्यात पानझडी अमेरिकन अझेलिया मोठ्या पानांच्या, दहा पुंकेसरांच्या ऱ्होडोडेंड्रॉनांशेजारी जाऊन बसले. जपान-चीनकडचे सदापर्णी अझेलिया, म्हणजे कुंडीत लावतात ते, दुसऱ्याच फांदीवर गेले. म्हणजे केंटकीच्या डोंगरातल्या पंचकेसरी झुडपाचे जवळचे नाते आहे ते आपल्या हिमालयातल्या बुरांसशी, लिनियसच्या त्या ‘इंडिका’ अझेलियाशी नव्हे. कॅनडाचा ऱ्होडोरा अमेरिकन अझेलियांत आला आणि व्हेसींचा गुलाबी अझेलिया आशियातल्या भावंडांकडे गेला. २०२० मध्ये चीनमधल्या एका सदापर्णी अझेलियाचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला. त्यातही १३ जोड्याच आहेत, पण त्यांच्या आत फार जुन्या दुपटीकरणाच्या खुणा सापडल्या. ज्या आकड्याला आपण मूळ धरून चाललो होतो, तोही कधी काळी कशाची तरी दुप्पट होऊन मग आटलेला होता.

इकडे कंबरलँडचा २६ चा अझेलिया आणि ५२ चा ज्वाला-अझेलिया मात्र अजूनही निकटचे आप्तच मानले जातात. आकडे दुप्पट असूनही.

आता नव्या याद्यांत पश्चिम किनाऱ्याच्या अझेलियासमोर एक आकडा लिहून भागत नाही. तेथे दोन लिहावे लागतात, मध्ये स्वल्पविराम देऊन : २६, ५२. शेजारीच कोणती झुडपे तपासली आणि ती कोठली, हेही नोंदवावे लागते. शाळेच्या तक्त्यात मात्र अशा नोंदीसाठी रकाना नसतो.